पेढी की पदवी? : आपल्या समाजापुढील एका जुन्या प्रश्नाचा इतिहास



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी संपादक मंडळाने आज्ञा केली. मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी असून शिक्षणाने केवळ बी.कॉम. आहे. तत्त्वज्ञानावर किंवा आगमांवर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून ज्या प्रश्नाशी आपल्यापैकी प्रत्येक घराचा कधी ना कधी संबंध येतो, तोच विषय मी निवडला आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी एकच चर्चा सुरू होते : मुलाला दुकानात बसवावे की कॉलेजात पाठवावे? आपल्या पिढीला वाटते की हा प्रश्न आपल्यापुढेच नव्याने उभा राहिला. वस्तुतः तो किमान चारशे वर्षांचा आहे आणि आपल्या पूर्वजांनी त्याला वेळोवेळी जी उत्तरे दिली, ती आजही विचार करण्याजोगी आहेत.

कविवर बनारसीदासांची कहाणी

या प्रश्नाची एक फार जुनी नोंद जैन साहित्यातच सापडते. कविवर बनारसीदास यांचा जन्म १५८६ साली जौनपूर येथे श्रीमाळ कुळात झाला. वडील खरगसेन जवाहिराचा व्यापार करीत. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ साली, बनारसीदासांनी ‘अर्धकथानक’ नावाने आपले आत्मचरित्र ब्रज भाषेत पद्यात लिहिले. भारतीय भाषांतील अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. पंडित नाथूराम प्रेमी यांनी मुंबईहून त्याची आवृत्ती प्रसिद्ध केल्यामुळे ते सर्वांपर्यंत पोहोचले.

बनारसीदासांना लहानपणापासून विद्येची गोडी होती. पंडितांकडे त्यांनी कोश, ज्योतिष व अलंकारशास्त्र शिकले आणि मुनींच्या सहवासात धर्मग्रंथांचा अभ्यास केला. व्यापाराकडे मात्र त्यांचे लक्ष लागेना. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी त्यांना बसवून समजावले. फार शिकणे हे पंडितांचे आणि भाटांचे काम, व्यापाऱ्याच्या मुलाने बाजारात बसावे, अशा आशयाचा तो उपदेश होता. हेच बोल शब्दांच्या थोड्या फरकाने आपल्यापैकी अनेकांनी आपल्या आजोबांकडून ऐकलेले असतील.

पुढे वडिलांनी मुलाच्या हाती रत्ने, तूप, तेल आणि जौनपुरी कापड देऊन त्यांना आग्र्यास धाडले. अनुभव नसल्याने माल तोट्यात गेला. इजारीच्या नाडीत बांधलेली रत्नेही हरवली. हाती काही उरले नाही, तेव्हा ते संध्याकाळी घरी जमलेल्या मंडळींना काव्ये वाचून दाखवीत आणि एका कचोरीवाल्याकडे उधारीवर जेवत. काही महिन्यांनी तो हिशेब चौदा रुपयांचा झाला आणि तो त्यांनी चुकताही केला. कालांतराने ते व्यापारात बऱ्यापैकी स्थिरावले. परंतु आज चारशे वर्षांनी त्यांचे नाव राहिले आहे ते ‘समयसार नाटक’ या ग्रंथामुळे.

या कहाणीतून दोन गोष्टी दिसतात. केवळ पोथी वाचून बाजार समजत नाही, हे वडीलधाऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. पण मुलाची विद्या वाया गेली, असेही झाले नाही. म्हणजे दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. म्हणूनच हा प्रश्न इतकी वर्षे सुटलेला नाही.

पेढी हीच पाठशाळा

जुन्या काळी पेढीवर मुलगा ‘बसवणे’ म्हणजे नेमके काय होते, हे आजच्या मुलांना सांगितले पाहिजे. त्याला कोणताही लेखी अभ्यासक्रम नव्हता, पण क्रम ठरलेला होता.

मारवाड, गुजरात, कच्छ या भागांतून जी कुटुंबे महाराष्ट्रात आली, त्यांच्यातील मुले बारा-चौदा वर्षांची झाली की नातेवाईकाच्या किंवा गाववाल्याच्या दुकानी येत. प्रथम केवळ अन्नवस्त्रावर काम. पहाटे दुकान झाडणे, गादी घालणे, पाणी भरणे, ताग्यांच्या घड्या करणे. मग माप टाकणे आणि गिऱ्हाइकाशी बोलणे. त्यानंतर उधारीच्या वसुलीसाठी गावोगाव फिरणे. हे जमले की वहीला हात लावण्याची परवानगी मिळे. शेवटी खरेदीसाठी मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटसारख्या पेठेत पाठवीत. पगार मिळू लागे, नंतर नफ्यात वाटा मिळे आणि एके दिवशी शेठजीच माल उधार देऊन त्याला दुसऱ्या गावी स्वतंत्र दुकान थाटून देत. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत आपल्या समाजाची जी दुकाने दिसतात, त्यांतील कित्येकांचा उगम असा आहे.

या शिक्षणात गणित होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी हे पाढे तोंडपाठ असल्याशिवाय मुलाला गल्ल्याजवळ येऊ देत नसत. लेखनात मोडी आणि महाजनी लिपी होती. हिशेबात रोजकीर्द आणि खतावणी होती आणि दिवसाअखेर सिलक जुळल्याशिवाय दिवा मालवत नसत. कायद्याचे व्यवहारज्ञानही होते. दर्शनी हुंडी कोणती, मुदती कोणती, हुंडी हरवली तर ‘पैठ’ आणि तीही हरवली तर ‘परपैठ’ कशी लिहून द्यावयाची, हे मुनीमजी शिकवीत.

वस्तूची पारख तर पुस्तकातून येणे शक्यच नव्हते. कापडाचा पन्हा डोळ्यांनी ओळखणे, दोन बोटांत चोळून खळ किती हे सांगणे, ताण्याचा व बाण्याचा धागा वेगळा काढून पाहणे, शंका आली तर धागा जाळून वास घेणे. सुताला जळक्या कागदाचा वास येतो, अस्सल रेशमाला जळक्या केसांचा येतो आणि पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. हे ज्ञान हातातून हातात जात असे.

आणि या सर्वांबरोबर आचाराचे शिक्षण होते. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत देण्या-घेण्याची मापे कमी-जास्त ठेवणे आणि चांगल्या मालात हलका माल मिसळणे यांची गणना केली आहे, हे आपण पाठशाळेत शिकतो. त्याचा अर्थ मात्र दुकानात कळे. माप टाकताना कापड ताणावयाचे नाही, हा पहिल्याच आठवड्याचा धडा असे. साख म्हणजे काय, ती किती वर्षांत जमते आणि किती क्षणांत जाते, हे मुलगा दररोज पाहत असे.

विद्यापीठाचे आगमन

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. त्यानंतर काही वर्षांतच एका जैन व्यापाऱ्याचे नाव या विद्यापीठाशी कायमचे जोडले गेले. सुरतेत १८३१ साली जन्मलेले शेठ प्रेमचंद रायचंद हे कापूस व शेअर बाजारातील त्या काळचे सर्वांत मोठे नाव. बहुतेक दलाल इंग्रजीला अनभिज्ञ असताना त्यांनी इंग्रजी शिकून घेतले होते आणि त्यांच्या उत्कर्षात त्याचा वाटा मोठा होता. १८६४ साली त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि पाठोपाठ मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. मातोश्री राजाबाईंच्या नावाचा तो मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. मधल्या काळात, १८६५ च्या कापूस-मंदीत, शेठजींचे वैभव लयास गेले होते. बाजारात मिळवलेले बाजारातच गेले, परंतु विद्येसाठी दिलेले आजही मुंबईत उभे आहे.

त्यांच्यानंतरच्या पिढीत पदवीचा उपयोग समाजाला प्रत्यक्ष दिसला तो वीरचंद राघवजी गांधी यांच्या रूपाने. महुवा येथे १८६४ साली जन्मलेले वीरचंदभाई १८८४ साली बी.ए. झाले आणि अवघ्या एकविसाव्या वर्षी जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे मंत्री झाले. पालिताणा संस्थानाशी यात्रेकरूंच्या कराबाबत जो वाद चालू होता, त्यात त्यांनी बाजू मांडली आणि १८८६ साली वार्षिक ठराविक रक्कम देऊन प्रत्येक यात्रेकरूमागचा कर बंद करण्याचा तोडगा निघाला. सम्मेदशिखरजीच्या परिसरात डुकरांच्या चरबीचा कारखाना निघाला, तेव्हा त्या प्रकरणाची कागदपत्रे वाचता यावीत म्हणून ते बंगाली शिकले. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधी म्हणून तेच उभे राहिले. समाजाजवळ त्या वेळी पैसा होता, देवस्थाने होती, नगरशेठ होते. परंतु सरकारदरबारी इंग्रजी कायद्याच्या भाषेत बोलू शकेल असा माणूस पेढीवर तयार होत नव्हता. तो कॉलेजातूनच यावा लागला.

बोर्डिंगांची चळवळ

विसाव्या शतकाच्या आरंभी समाजाच्या लक्षात आले की गावोगावच्या हुशार मुलांना शिकण्यासाठी शहरात राहण्याची व जेवणाची सोय नाही. रात्रिभोजन व अभक्ष्य यांचे नियम पाळावयाचे, तर खाणावळीत राहणे कठीण. यातून जैन बोर्डिंगांची चळवळ उभी राहिली.

या चळवळीतील अग्रगण्य नाव म्हणजे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद. सुरतेहून मुंबईस आलेल्या या बंधूंनी लहान वयात मोत्यांचे काम हाताने शिकून पुढे मोठी पेढी उभारली. स्वतः कॉलेजचे तोंड न पाहिलेल्या या गृहस्थाने आपल्या वडिलांच्या नावाने मुंबईत बोर्डिंग काढले आणि इतर शहरांतही बोर्डिंगांना साहाय्य केले. दक्षिण महाराष्ट्रात १८९९ साली स्थापन झालेल्या जैन सभेने हेच कार्य शेतकरी समाजबांधवांत केले. सभेच्या कार्यातील अग्रणी अण्णासाहेब लठ्ठे एम.ए., एल्एल.बी. होते. ते पुढे कोल्हापूर संस्थानचे दिवाण व १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. श्वेतांबर समाजात आचार्य श्री विजयवल्लभसूरीश्वरजी यांच्या प्रेरणेने १९१४ साली मुंबईत श्री महावीर जैन विद्यालयाची स्थापना झाली. नगरचे कुंदनमल फिरोदिया वकील झाले, स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि १९४६ साली मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले.

या बोर्डिंगांच्या देणगीदारांची पाटी कोठेही वाचावी. बहुतेक नावे पेढीवाल्यांची दिसतील. पेढीवर वाढलेल्यांनी आपल्या कमाईतून पदवीची सोय का केली, हा या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे. मला त्याचे कारण असे दिसते. पेढीचे शिक्षण वारसाने मिळते. ज्याच्या वडिलांचे, मामाचे किंवा काकांचे दुकान आहे, त्यालाच ते खुले असते. ज्या विधवेच्या मुलाला कोणी गादीवर बसवून घेणारे नाही, जो शेतकऱ्याचा मुलगा आहे, त्याच्यासाठी पेढीचा दरवाजा बहुधा बंद असे किंवा आयुष्यभर गुमास्तेगिरीपुरताच उघडे. पदवी मात्र त्याला स्वतःच्या गुणांवर मिळवता येत असे. हे त्या शेठलोकांनी ओळखले होते.

मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे होते. पेढीने मुलीला कधी बसवलेच नाही. शेठ माणिकचंदांच्या कन्या मगनबाई तरुण वयात विधवा झाल्या. वडिलांनी त्यांना शिकवले आणि त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम चालवून अनेक निराधार भगिनींना शिक्षण दिले. ज्या घराण्याच्या गादीवर त्यांना जागा मिळाली नसती, त्याच घराण्याचे नाव त्यांनी विद्येच्या बळावर उज्ज्वल केले.

कॉलेज सोडलेले दोन उद्योगपती

याच्या उलट बाजूची दोन उदाहरणेही तितकीच मोठी आहेत. आपल्या मुलांना ती सांगताना आपण बहुधा अर्धीच सांगतो, म्हणून येथे पूर्ण देतो.

सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा. त्यांचे घराणे कापूस व सावकारीच्या व्यवसायात होते. ते मुंबईच्या सेंट झेवियर्स व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, परंतु पदवी न घेताच व्यवसायात आले. वडिलोपार्जित व्यापारात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामांपासून ठेकेदारीस आरंभ केला. एकाजवळ कामाची माहिती, दुसऱ्याजवळ भांडवल व धाडस, असा तो योग होता. १९१९ साली सिंधिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून निघाली. पुढे १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना, मग विशाखापट्टणमला जहाजबांधणी आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स असा विस्तार झाला. आज त्यांच्या नावाने सांगली व सोलापूर येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत.

अहमदाबादचे शेठ कस्तुरभाई लालभाई यांचा जन्म १८९४ चा. ते गुजरात कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना १९१२ साली वडिलांचे निधन झाले आणि सतराव्या वर्षी त्यांना कॉलेज सोडून रायपूर मिलमध्ये यावे लागले. मालकाचा मुलगा म्हणून ते थेट खुर्चीत बसले नाहीत. हजेरीचे काम, मग सामानाचे कोठार, मग कापसाची खरेदी, अशा पायऱ्यांनी ते गिरणी शिकले. कापडाच्या धंद्यातील आम्हा मंडळींना हे विशेष भावते, कारण गिरणीचा नफा कापसाच्या गाठीतच ठरतो, हे खरेदीवर गेल्याशिवाय कळत नाही. १९३१ साली त्यांनी अरविंद मिल काढली ती तलम कापडासाठी.

येथपर्यंतची गोष्ट सांगून आपण म्हणतो, ‘पाहा, त्यांनी कुठे पदवी घेतली?’ पण पुढची अर्धी गोष्ट अशी आहे. याच कस्तुरभाईंनी आपल्या मुलांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत पाठवले. १९३६ साली अहमदाबाद एज्युकेशन सोसायटी स्थापन करण्यात ते अग्रभागी होते. कापडउद्योगाच्या संशोधनासाठी ‘अटिरा’ ही संस्था उभारण्यात त्यांनी केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या तरुण विक्रम साराभाई यांना साथ दिली. १९६१ साली अहमदाबादला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट स्थापन झाली, त्यामागेही हे दोघे होते. सतराव्या वर्षी कॉलेज सोडावे लागलेल्या माणसाने देशातील व्यवस्थापन शिक्षणाचा पाया घालण्यास हातभार लावला. कॉलेज अनावश्यक आहे असे त्यांना वाटत असते, तर हे घडले नसते. त्यांनी कॉलेज नाकारले नव्हते, ते परिस्थितीने सुटले होते. हा फरक मुलांना सांगणे आपले कर्तव्य आहे.

कर्मवीरांनी दाखवलेला तिसरा मार्ग

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून ते शिकले, परंतु मॅट्रिकपर्यंतही त्यांची मजल गेली नाही. सातारा भागात त्यांनी शिकवण्या केल्या, काचेच्या कारखान्याच्या आणि किर्लोस्करांच्या नांगराच्या विक्रीसाठी ते गावोगाव फिरले. विक्रेता म्हणून फिरताना पाहिलेल्या खेड्यांतूनच त्यांच्या पुढील कार्याचा जन्म झाला, असे म्हणण्यास हरकत नाही. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले आणि १९४७ साली तेथेच छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले.

‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजना आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे, असे मला वाटते. मुलगा सकाळी शेतात किंवा बांधकामावर राबेल, दुपारी वर्गात बसेल, आपल्या श्रमाने आपली फी भागवील आणि श्रमाची लाजही बाळगणार नाही. काम आणि विद्या यांत निवड करावी लागते, हेच त्यांनी मान्य केले नाही. १९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. ती पदवी त्यांनी स्वतः कधी मागितली नव्हती.

वाणिज्य शाखा आणि सकाळचे कॉलेज

व्यापाऱ्यांच्या मुलांसाठी विद्यापीठाने स्वतंत्र दालन उघडले ते १९१३ साली. त्या वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झाले आणि बी.कॉम. ही पदवी आपल्याकडे आली. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९४३ साली बृहन्महाराष्ट्र कॉलेज ऑफ कॉमर्स काढले. पुढे प्राप्तिकर व विक्रीकर यांचे कायदे वाढत गेले. १९५७ साली दशमान नाणी आली, वाराच्या जागी मीटर आला आणि पावकी-निमकीचे पाढे बाजूला पडले. शाळांतून मोडी गेली. पेढीवरील निम्मे शिक्षण अशा रीतीने कालबाह्य झाले आणि वाणिज्य शाखेचे महत्त्व वाढले.

१९४९ साली चार्टर्ड अकाउंटंट्सचा कायदा झाला. आपल्या समाजाने सी.ए.चा मार्ग इतक्या आवडीने का स्वीकारला, याचे कारण माझ्या मते त्याच्या रचनेत आहे. त्यात परीक्षा आहे आणि आर्टिकलशिपही आहे. म्हणजे ज्येष्ठांच्या हाताखाली काही वर्षे उमेदवारी केल्याशिवाय पुस्तकी परीक्षा पुरी होत नाही. मुनीमजींच्या शेजारी बसून शिकण्याची आपली जुनी रीतच तेथे नव्या वेषात आहे.

माझ्या पिढीने या दोहोंचा आपापल्या परीने मेळ घातला. सकाळी सात ते अकरा कॉलेज आणि दुपारी बारापासून दुकान, असा आमच्यापैकी कित्येकांचा १९८० च्या सुमाराचा दिनक्रम होता. वर्गात ‘बुडीत कर्ज’ ही नफा-तोटा पत्रकातील एक ओळ होती. दुकानात तोच शब्द एखाद्या ओळखीच्या माणसाचा चेहरा घेऊन येई आणि दुष्काळाने गांजलेल्या त्या शेतकऱ्याला तगादा लावावयाचा की पुढच्या सुगीपर्यंत थांबावयाचे, हे कोणत्याही पुस्तकात दिलेले नसे. उलट, दुकानात केवळ गल्ल्यात पैसा दिसतो म्हणून धंदा बरा चालला आहे, असे वाटे. गोदामात अडकलेला माल म्हणजे अडकलेले भांडवल असते आणि त्याचे व्याज रोज चढते, हे आकड्यांत पाहण्याची दृष्टी कॉलेजने दिली. दोन्हींपैकी एकच मिळाले असते, तर आमची समज अर्धी राहिली असती.

आजची स्थिती

आज परिस्थिती पुन्हा बदलली आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. मोबाईलवरून पैसे देणे-घेणे गल्लीतील भाजीवाल्यापर्यंत पोहोचले. गिऱ्हाईक दुकानात उभे राहूनच दुसरीकडील भाव पाहते. केवळ गादीवर बसून धंदा शिकण्याचे दिवस राहिले नाहीत, हे मान्य करावे लागेल.

पण दुसरी बाजूही आहे. अनेक मुले पदवी घेतात ती केवळ परिचय मेळाव्याच्या पत्रिकेत लिहिण्यासाठी. ‘दुकानदार मुलगा नको, नोकरीवाला हवा’, असे वधूपक्ष उघड बोलू लागला आहे. त्यामुळे धंद्याची खरी आवड असलेला मुलगाही नाइलाजाने शहरात जाऊन, घरच्या दुकानातील मुनीमाहूनही कमी पगाराची नोकरी पत्करतो. इकडे वडील साठी ओलांडून एकटेच शटर वर करतात. तीन पिढ्यांची साख असलेली दुकाने अशी बंद होताना आपण सर्वजण पाहत आहोत. दुकान बंद झाले की केवळ एक धंदा जात नाही. धर्मशाळेला, गोशाळेला, पाठशाळेला वर्षानुवर्षे न मागता येणारी पावती बंद होते.

त्याच वेळी सरकार उमेदवारीकडे नव्याने वळले आहे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ सालीच झाला होता, पण त्याचा भर कारखान्यांवर होता. २०१६ साली उमेदवारीला उत्तेजन देणारी राष्ट्रीय योजना आली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने कामाच्या अनुभवाला पदवीत स्थान दिले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याच वर्षी उमेदवारीसह पदवी अभ्यासक्रमांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर १९८९ पासून काम करणाऱ्यांना घरबसल्या पदवीची संधी देत आहे. जे कर्मवीरांनी साताऱ्यात केले, त्याकडे देश हळूहळू येत आहे.

काही नम्र विचार

या इतिहासावरून पालकांपुढे व ट्रस्टपुढे काही विचार ठेवण्याचे धाडस करतो.

पहिला : मुलाला दुकानात बसवावयाचे असेल, तर ते शिक्षण म्हणून बसवावे, विनापगारी नोकर म्हणून नव्हे. जुन्या पेढीवर क्रम होता, मुदत होती आणि शेवटी वाटा होता. आजचे वडील मुलाला दहा-दहा वर्षे दुकानात ठेवतात, पण खरेदी व वही त्याच्या हाती देत नाहीत. मग मुलगा कंटाळला, तर दोष त्याचा कसा? त्याला पहिल्या दिवसापासून पगार द्यावा आणि कोणत्या वर्षी कोणते काम सोपवणार, हे बोलून ठरवावे.

दुसरा : मुलाला कॉलेजात पाठवावयाचे असेल, तर कशासाठी, हे त्याने स्वतः सांगितले पाहिजे. वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा, संशोधन ही क्षेत्रे पूर्ण वेळ मागतात. तेथे दुकानाची ओढ लावू नये. परंतु ज्याला शेवटी व्यापारच करावयाचा आहे, त्याने तीन वर्षे बाजारापासून दूर राहू नये.

तिसरा : जो निर्णय मुलासाठी, तोच मुलीसाठी. आज कित्येक दुकानांत सुना व मुली हिशेब आणि ऑनलाइन विक्री समर्थपणे पाहत आहेत. वारस नाही म्हणून दुकान बंद करण्यापूर्वी, घरातील मुलीला विचारले होते का, याचे उत्तर प्रत्येकाने मनाशी द्यावे.

चौथा विचार ट्रस्टसाठी आहे. आपण गुणवंतांचा सत्कार करतो, शिष्यवृत्त्या देतो, हे स्तुत्यच आहे. त्याला एक जोड द्यावी. समाजातील व्यापारी, सी.ए., डॉक्टर व कारखानदार बंधूंनी आपापल्या ठिकाणी दरवर्षी एकेका कॉलेजकुमारास किंवा कुमारीस सुट्टीतील उमेदवारीसाठी, मानधन देऊन, घ्यावे. विशेषतः ज्यांच्या घरी स्वतःचे दुकान नाही, त्यांना प्रथम संधी द्यावी. दुकानदाराच्या मुलाला पेढी वारसाने मिळतेच. ज्याला ती मिळत नाही, त्याच्यासाठी समाजाने पेढी व्हावे. याला फार निधी लागणार नाही, पंचवीस-तीस बांधवांची इच्छा पुरेल.

बनारसीदासांच्या वडीलधाऱ्यांनी हाट आणि विद्या यांना एकमेकांच्या विरुद्ध उभे केले. प्रेमचंद शेठ, माणिकचंद शेठ, कस्तुरभाई आणि कर्मवीर यांनी आपापल्या कृतीने ती भिंत पाडली. ती आपण आपल्या घरात पुन्हा बांधू नये, एवढीच या सुवर्णमहोत्सवी वर्षात समस्त बंधुभगिनींना विनंती. लेखनात काही न्यूनाधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!